मामाचा स्पेक्ट्रम प्लस: दुरुस्तीच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

मामानं १९८५ साली लंडनहून आणलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक काल नाशिकहून माझ्याकडे आला. ४८के मेमरी, झेड८०ए प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ. सोबत ब्रिटिश प्लगचा अडॅप्टर आणि पाच कॅसेटी; याचे प्रोग्रॅम टेपच्या कॅसेटवरच साठवायचे. पंचवीसएक वर्षं माळ्यावर होता. त्यातल्या एका कॅसेटवर मामाच्या अक्षरात "भिशी" लिहिलंय. ती कॅसेट याच मशीनवर चालवायची, एवढ्यासाठी हा घाट घातलाय.

नोंदी ठेवतेय कारण पुण्यात असे अजून बरेच असणार. परवान्यावर बनलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस तर पुण्यातल्याच डेसिबेल्स कंपनीचा. कुणाच्या माळ्यावर तो असेल तर मूळ आराखडा हाच आहे.

आज फक्त उघडला. कीबोर्डच्या पातळ पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटमधून सरळ वर ओढून काढायच्या, तिरक्या ओढल्या की तडकतात. माझी एक आधीच तडकलेली होती. बोर्डाची आवृत्ती इश्यू ३बी. आत धूळ कमी, गंज नाही.

अडॅप्टर मोजला: मोकळा असताना १३.४ व्होल्ट. त्यावर ९ लिहिलंय, पण तो रेग्युलेटेड नाही, लोड पडला की खाली येतो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे याच्या पिनचा मधला भाग ऋण आहे. आजकालचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. मामेभावाला फोन केला तेव्हा कळलं की काही वर्षांपूर्वी त्यानं हाताशी होता तो ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहिला होता. "काहीच झालं नाही," म्हणाला. म्हणजे काय झालं असेल ते शोधायचं.

१५ मे, बुधवार

तपकीर गल्लीतून ९ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आणला, ३५० रुपये. वायर मध्ये कापून दोन्ही टोकं उलटी जोडली, वर हीट-श्रिंक चढवली आणि मीटरवर दोनदा पाहिलं. जुना अडॅप्टर पिशवीत बंद करून ठेवला.

मग बोर्डाला वीज दिली. ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरमधून ५.०२ व्होल्ट बाहेर पडतात, ते ठीक. पण या मशीनला तीन व्होल्टेज लागतात. खालच्या १६के मेमरीच्या आठ चिपा ४११६ जातीच्या आहेत. त्यांना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ तिन्ही हवेत. मोजायला सोपं आहे: ४११६ ची पिन १ उणे ५, पिन ८ अधिक १२, पिन ९ अधिक ५, पिन १६ ग्राउंड. माझ्याकडे पिन ९ वर ५, पिन ८ वर १२ च्या जागी ८.४ आणि पिन १ वर शून्य.

१२ आणि उणे ५ बोर्डावरच एका छोट्या कॉइलमधून तयार होतात. टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर ती कॉइल झपाझप चालू-बंद करतो. तो थांबला की ९ व्होल्टच कॉइलमधून आणि डायोडमधून ओघळत पुढे येतात; ८.४ आले ते तिथूनच. टीआर४ काढून मोजला तर बेस-एमिटर उघडा, म्हणजे ट्रान्झिस्टर गेलेला. टीआर५ आणि कॉइल शाबूत.

१९ मे, रविवार

चुकीचा दिवस. टीआर४ म्हणजे झेडटीएक्स ६५०. बुधवार पेठेत तीन दुकानं फिरले, कुणाकडे नाही. एका जुन्या दुकानदारांनी एसएल१०० दिला, "एनपीएनच आहे, चालेल." २५ रुपये. पायांचा क्रम वेगळा, त्यामुळे स्लीव्ह घालून पाय एकमेकांवरून वळवले.

चालू केल्यावर कॉइल बारीक किणकिणली. मला फार आनंद झाला. मोजलं तर १२ च्या जागी १०.६, उणे ५ च्या जागी उणे ३.१. थोड्या वेळात वाढेल म्हणून दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं. एसएल१०० ला हात लावता येईना इतका तापला आणि उणे ५ अजून खाली गेला.

हे करायला नको होतं. ४११६ ला बाकीची व्होल्टेज मिळत असताना उणे ५ अपुरा असेल तर चिप मरू शकते, हे मला माहीत होतं. कॉइलचा आवाज आला म्हणून मशीन बंद करायचा हात थांबला. तीनही व्होल्टेज बरोबर येईपर्यंत मशीन काही सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. रात्री झेडटीएक्स ६५१ मागवले, पाच नग, कुरिअरसकट २४०.

२६ मे, रविवार

६५१ बसवला. अधिक ११.९, उणे ४.९५. कॉइलचा आवाज आता अगदी बारीक, एकसुरी. हात लावून पाहिला तर ट्रान्झिस्टर कोमट.

बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले, १८० रुपये. आडवे, दोन्ही टोकांना पाय असलेले कपॅसिटर आता सहज मिळत नाहीत. उभे घेऊन पाय वाकवले. मोजल्यावर जुन्यांतले दोनच खरोखर कमजोर निघाले. तरी बदलले याचं वाईट वाटत नाही.

मग चित्र. मूळ मशीन टीव्हीला एरियलच्या भोकातून जोडायचं, यूएचएफ चॅनल ३६. एरियलसाठी सिग्नल तयार करणाऱ्या मॉड्युलेटरच्या डब्यात बोर्डावरून दोन वायरी जातात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. दोन्ही सोडवल्या, डब्यातला आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेला लागलेला रेझिस्टर वेगळा केला आणि व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट त्या पिनेवर डाग देऊन जोडली. तीस रुपयांचं काम. आता घरच्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये चित्र येतं, कारण आपल्याकडेही टीव्हीची पद्धत पालच.

चित्रात काय? काळे-पांढरे चौकोन, रंगांचे ठिपके, आणि हालचाल नाही. चालू झाल्यावर यायला हवी ती सिंक्लेअरची ओळ नाही. म्हणजे बिघाड खालच्या मेमरीत.

२ जून, रविवार

आज सगळ्यात मोठी चूक केली. ती तपशिलात लिहिते, कारण ही चूक सगळेच करतात.

४११६ च्या आठ चिपा, आयसी ६ ते आयसी १३. प्रत्येक चिप दर बाइटमधला एकेक बिट सांभाळते, आयसी ६ कडे बिट ०, आयसी १३ कडे बिट ७. बोटानं चाचपलं तर आयसी ६ इतरांपेक्षा गरम. तीच मेली असं मी ठरवून टाकलं. मोजलं काहीच नाही.

अख्खी चिप काढायला वितळलेलं सोल्डर शोषणारा पंप घेतला. सोळा पाय, दोन तास. चौदावा पाय निघाला तो खालचा पॅड, म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, सोबत घेऊन. दुसऱ्या बाजूला पाचव्या पायाचाही उचकटला. त्या दोन जागी पातळ वायर टाकून ट्रॅक जोडला, सॉकेट बसवलं, नवी चिप घातली. चित्र तसंच, काळे-पांढरे चौकोन. दुसरी नवी चिप घातली, तेच.

४११६ मी ऑनलाइन दहा घेतल्या होत्या, १४० ची एक. त्यातल्या किती चांगल्या हेही मला माहीत नव्हतं. म्हणजे संशयित चिपेच्या जागी संशयित चिप. साडेअकरा वाजता बंद केलं.

४ जून, मंगळवार, रात्र

दिवसभर डोक्यात तेच होतं. मशीन बूट होत नाही म्हणून त्यालाच विचारता येत नाही, हे खरं. पण पडदा म्हणजेच मेमरी. मेमरीतल्या १६३८४ या पत्त्यापासून ६९१२ बाइट यूएलए चिप स्वतः वाचते आणि टीव्हीवर टाकते. त्यासाठी झेड८० लागत नाही. मग झेड८० ला गप्प बसवलं तर मेमरीत वीज येताक्षणी जे काही असतं ते तसंच्या तसं दिसायला हवं.

स्पेक्ट्रम प्लसला रीसेटचं बटण आहे; ते दाबून धरलं की झेड८० थांबलेला राहतो. केस उघडी होती, म्हणून त्या बटणाच्या दोन वायरींची टोकं चिमट्यानं एकत्र धरून वीज दिली आणि धरूनच ठेवली.

पडद्यावर उभ्या पट्ट्यांची नक्षी आली, स्थिर. फोनच्या कॅमेऱ्यानं जवळून फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. आठ-आठ ठिपक्यांची घरं. प्रत्येक घरात डावीकडून चौथा ठिपका रिकामा. वरपासून खालपर्यंत सगळ्या घरांत, कुठेही अपवाद नाही. बाकीच्या सात जागी कुठे भरलेलं, कुठे रिकामं.

सगळ्यात डावा ठिपका बिट ७. मग ६, ५, ४. चौथा म्हणजे बिट ४. आयसी १०.

तीन वेळा बंद करून पुन्हा केलं. तीनही वेळा तोच चौथा ठिपका. याला पाच मिनिटं लागली. आयसी ६ वर मी पूर्ण रविवार घालवला होता.

९ जून, रविवार

आयसी १० काढताना पंपानं अख्खी चिप काढायचा नाद केला नाही. बारीक कटरनं सोळा पाय चिपेच्या अंगालगत कापले, अंग उचललं, मग एकेक पाय गरम करून चिमट्यानं ओढला आणि भोकं शेवटी पंपानं साफ केली. चाळीस मिनिटं, एकही पॅड हलला नाही. चिप तशीही टाकूनच द्यायची असते, पाय कापायला जीव कचरतो तो उगाच.

सॉकेटमध्ये नवी चिप घातली. आता चौथा ठिपका भरलेला-रिकामा असा दिसू लागला, पण बूट होईना. दुसरी घातली, नाही. मग आयसी ६ मधून काढलेली मूळ चिप आयसी १० च्या सॉकेटमध्ये लावली.

पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि खाली ओळ आली: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मामाला फोटो पाठवला. रात्रीचे सव्वाबारा झाले होते, त्याचा लगेच फोन आला.

म्हणजे आयसी ६ ची चिप पहिल्यापासून निरोगी होती. तीच आता आयसी १० चं काम करतेय. सगळ्या नव्या चिपा मग आयसी ६ च्या सॉकेटमध्ये एकेक करून तपासल्या: दहातल्या तीन खराब. जुन्या साठ्यातला माल घेताना गरजेपेक्षा जास्त घ्या आणि खात्रीच्या सॉकेटमध्ये आधी तपासा.

झोपण्याआधी एक तपासणी. सिस्टिमच्या २३७३२ आणि २३७३३ या दोन जागी मशीनला सापडलेल्या मेमरीचा शेवटचा पत्ता असतो. पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं. प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३ असं विचारलं. उत्तर ६५५३५ यायला हवं. आलं ३२७६७. म्हणजे वरची ३२के मेमरी त्याला दिसतच नाही. मशीन स्वतःला १६के समजतंय.

पण आता त्यालाच विचारता येतं. पोक म्हणजे पत्त्यावर आकडा टाकणं. पोक ४००००,२५५ करून पीक केलं: २५५. पोक ४००००,० करून पीक केलं: ४. आणखी पाच-सहा पत्त्यांवर तेच, शून्य टाकलं की चार परत येतात. ४ म्हणजे बिट २ कायमचा वर अडकलेला. वरच्या चिपा आयसी १५ ते २२, बिट २ म्हणजे आयसी १७. यावेळी सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी नंबर माहीत होता.

१२ जून, बुधवार

वरच्या आठ चिपा वेगळ्या जातीच्या. ज्यांचा निम्माच भाग चांगला निघाला अशा ६४के चिपा ३२के म्हणून वापरल्या आहेत. त्यांना फक्त ५ व्होल्ट लागतात. त्यांच्या जागी पूर्ण ६४के ची ४१६४ चिप चालते आणि तिचा कुठलाही निम्मा भाग वापरला तरी फरक पडत नाही.

ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून जुन्या बाजारात गेले. लोखंड आणि घड्याळांच्या पसाऱ्यात एका चादरीवर जुन्या संगणकाचा मेमरी बोर्ड होता, त्यावर रांगेत ४१६४. दोनशे रुपये म्हणाले, घासाघीस केली नाही.

१६ जून, रविवार

आयसी १७ चे पाय कापून काढले, सॉकेट, बाजारातली ४१६४. पीकचं उत्तर ६५५३५. पहिल्याच प्रयत्नात.

सोबत ७८०५ ही बदलला. तो धडधाकट होता, पण ९ मधले उरलेले व्होल्ट उष्णतेत घालवतो आणि बंद केसमध्ये अर्ध्या तासात कीबोर्डचा उजवा भाग तापतो. त्याच तीन पायांचं १ अँपिअरचं स्विचिंग मॉड्यूल मिळतं, ६२० रुपये. आता दोन तास चालू ठेवलं तरी यूएलए सोडून काही तापत नाही. यूएलए चिपेला पर्याय मिळणं अवघड, म्हणून तिच्यावर छोटा हीटसिंक चिकटवला.

२३ जून, रविवार

कीबोर्ड. तडकलेल्या पट्टीमुळे ए, एस, डी, एफ, जी ही पाच बटणं मुकी होती. स्पेक्ट्रमवर अख्खी आज्ञा एकेका बटणावर असते. एफ नाही म्हणजे फॉर नाही, एस नाही म्हणजे सेव्ह नाही. तडकलेल्या जागी चांदीचा वाहक रंग लावून पाहिला होता. दोन दिवस चालला, पट्टी सॉकेटमध्ये घालताना पुन्हा तुटला. पट्टी टोकाकडून कापून आखूड करून पाहिली, तर सॉकेटपर्यंत पोचेना. हे दोन्ही उपाय करू नका.

नवा मेंब्रेन, म्हणजे या पट्ट्यांसकट बटणांखालचा पातळ थर, ब्रिटनमध्ये आजही बनतो. २९०० रुपये, त्यावर टपाल आणि कस्टम ७८०. मी तो मे महिन्यातच मागवला होता म्हणून बरं, यायला पाच आठवडे लागले. साध्या स्पेक्ट्रमचा आणि प्लसचा मेंब्रेन वेगळा आहे, मागवताना नीट पाहा. बसवायला दीड तास. सगळी बटणं लागतात.

३० जून, रविवार

पालखीमुळे आजूबाजूचे रस्ते बंद, दिवसभर घरीच. फोनमधून प्रोग्रॅम लोड करायचा प्रयत्न. टेपची ध्वनिफीत फोनवर, हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची वायर ईअर सॉकेटमध्ये. इंग्रजी "जे" अक्षराचं बटण दाबलं की लोड, मग सिंबॉल शिफ्टसह "पी" दोनदा.

पहिल्या चार वेळा काहीच नाही, पडद्याच्या कडा हलतच नाहीत. कारण दोन निघाले: फोनचा आवाज ऐंशी टक्क्यांवर होता, तो पूर्ण हवा, आणि फोनमधला आवाज "सुधारणारा" इक्वलायझर चालू होता. दोन्ही केल्यावर कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघा. पूर्ण ४८के भरायला पाचेक मिनिटं लागतात. तो किर्रर्र आवाज ऐकत मी अख्खी पाच मिनिटं पडद्यासमोर बसून होते. शेजारची मुलगी विचारायला आली, काय बिघडलंय म्हणून. मग तीही बसली.

७ जुलै, रविवार

मामाची कॅसेट. कॅसेट प्लेअर मैत्रिणीकडून आणला, त्याचा बेल्ट सैल होता, ६० रुपयांचा नवा टाकला. "भिशी" लावली: आर टेप लोडिंग एरर. बारा वेळा तेच.

शेवटी हेडचा कोन पाहिला. प्लेअरच्या झाकणाजवळ छोटं भोक असतं, त्यातून हेडचा स्क्रू फिरवता येतो. टेप चालू ठेवून, कानानं ऐकत, आवाज सगळ्यात धारदार होईल तिथे थांबायचं. पाव फेरीपेक्षा कमी फिरवला असेल. पुढच्या वेळी लोड झाला. लगेच त्याची ध्वनिफीत संगणकावर साठवली, कारण टेप अजून किती वेळा चालेल सांगता येत नाही.

लिस्ट करून प्रोग्रॅमच्या ओळी पाहिल्या. सुरुवातीलाच डेटाची ओळ: २५५, ३४, ३४, ३४, १२६, ९८, २, ०. कागदावर एकाखाली एक आठ ओळींत बिट मांडून पाहिलं. पहिली ओळ पूर्ण भरलेली, म्हणजे शिरोरेघ. खाली डावा दांडा, मधली आडवी रेघ, डाव्या तळाशी गाठ, उजवा दांडा. म.

स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं स्वतः आखता येतात, आठ बाय आठच्या घरात. मामानं १९८६ मध्ये त्यात ज, म आणि काना आखला होता. शिरोरेघ घराच्या काठाला काठ भिडवून काढलेली, त्यामुळे तीन घरं शेजारी आली की रेघ अखंड होते: जमा. रन केल्यावर पडद्यावर सगळ्यात वर तोच शब्द. बाकी सगळं इंग्रजी अक्षरांत. "नावे" का नाही केलं ते मला त्यानं फोनवर सांगितलं: मात्रा शिरोरेघेच्या वर जाते आणि वर जागाच उरत नाही.

आतापर्यंतचा खर्च आज मांडला, सॉकेटांचे १२८ धरून एकूण ६,९१३ रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त मेंब्रेनचे.

१४ जुलै, रविवार

मामा आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, जिना चढून आल्यावर पाणीसुद्धा न घेता टेबलाशी बसला. लोडचं "जे" बटण न बघता दाबलं.

प्रोग्रॅम सुरू झाला, जमा. मामानं बारा जणांचे पन्नास-पन्नास रुपये भरले. बेरीज आली ५५०.

"हे राहिलंच," मामा म्हणाला. "बाराव्याचे येतच नव्हते. दर महिन्याला मी हातानं पन्नास मिळवायचो."

"मामा, मग तेव्हाच दुरुस्त का नाही केलंस?"

"केलं होतं. टेपवर परत चढवायचं राहिलं. मग तुझ्या आजीचं आजारपण निघालं."

लिस्ट १२० केलं. फॉर एन बरोबर १ ते ११. एडिट दाबून बाण पुढे नेला, ११ चे १२ केले, एंटर, रन. पुन्हा बारा वेळा पन्नास. ६००.

मग त्यानं ईअरची वायर उपसून काढली. मी विचारायच्या आत म्हणाला, सेव्ह करताना ती काढायची, ईअरची आणि सेव्हची अशा दोन्ही वायरी लावलेल्या असल्या की घोळ होतो. नव्या कॅसेटवर सेव्ह केलं, टेप मागे घेतली, ईअर परत लावली आणि व्हेरिफाय दिलं. निळ्या-पिवळ्या रेघा थांबेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. खाली आलं: ० ओके.